कंडम हा शब्द न लिहू देणारे हमीदभाई

दुपारी दीड वाजता वर्कशॉपमधली ठाकठोक थांबायची. हमीदभाई हात धुऊन आडव्या टाकलेल्या टायरवर बसायचे, मी समोरच्या लाकडी स्टुलावर, आणि आमच्या मध्ये गाडीच्या कंपनीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडं असायचं. ते कळण्याची भाकरी मोडत ऐकायचे, मी एकेक ओळ वाचून तिचं मराठी करायची. एकदा त्या पुस्तकात आलं की अमुक नट ‘फिंगर टाइट’ करावा. सिस्टरांच्या शाळेत शिकलेल्या प्रामाणिकपणाने मी सांगितलं, नट बोटाइतका घट्ट करावा. हमीदभाईंचा घास हातातच थांबला. त्यांनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, की कुणाच्या बोटाइतका, ते पुस्तकात लिहिलंय का. आम्ही दोघं इतके हसलो की बाहेर टपरीवरचे लोक डोकावून गेले. हसू ओसरल्यावर त्यांनी खिशातून एक नट काढून माझ्या हातात दिला. पाना न लावता, नुसत्या बोटांनी जितका फिरतो तितका फिरवायचा आणि सोडून द्यायचा, हे त्यांनी करून दाखवलं. अर्थ सांगायला नेमलेल्या मला अर्थ त्या दिवशी कळला.

आमची ओळख त्याच्या काही महिने आधीची. हमीदभाईंनी शहाद्यात स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं होतं आणि एका मोटार कंपनीने त्यांना आपल्या अधिकृत वर्कशॉपचा बोर्ड द्यायचं कबूल केलं होतं. अट एकच होती, की दर महिन्याचा अहवाल इंग्रजीत हवा. हमीदभाईंचं शिक्षण सातवीपर्यंत, तेही उर्दू शाळेत. ते सरळ नंदुरबारला माझ्या शाळेत गेले आणि मोठ्या सिस्टरांना म्हणाले, की मला इंग्रजी लिहिणारी एक मुलगी पाहिजे, माझ्या बहिणीसारखी राहील. मी तेव्हा नुकतीच बी.ए. झाले होते आणि शहाद्याला मावशीकडे राहत होते. सिस्टरांनी माझं नाव सुचवलं. आमचं घर मूळचं नवापूरकडच्या डोंगरातलं, घरी कोकणी, म्हणजे तिथल्या आदिवासींची बोली, बोलणारं, देवळात न जाता चर्चला जाणारं. मोटारीच्या वर्कशॉपमध्ये मुलीने काम करायचं म्हटल्यावर मावशीच्या गल्लीत बरीच चर्चा झाली. हमीदभाई पहिल्याच दिवशी आपल्या पत्नीला, म्हणजे आमच्या भाभींना घेऊन मावशीकडे आले. भाभींनी मावशीच्या हातचा चहा घेतला आणि गल्लीतली चर्चा आपोआप थांबली.

त्या दिवसापासून मी त्यांची ‘बेन’, म्हणजे बहीण झाले. हमीदभाई घरी उर्दू बोलतात, गिऱ्हाइकांशी अहिराणी आणि माझ्याशी दोन्हींची मिसळ. आज ते पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या कारागिरीबद्दल लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी त्यांच्या टेबलावरची कारकून. कागदावरून जे दिसलं, तेवढंच मी सांगू शकते.

हमीदभाईंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, हा दोष मी आधीच सांगून टाकते. त्यांना गाड्या लक्षात राहतात. एका लग्नात चिंचपाड्याच्या रूथबाई त्यांच्या शेजारी बसून जेवल्या. त्या तिथल्या दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत, आणि कित्येक वर्षं आमच्या गिऱ्हाईक. हमीदभाईंनी वाढप्याला सांगून त्यांना दोनदा बुंदी वाढायला लावली, पण ओळख काही दिली नाही. शेवटी रूथबाई म्हणाल्या की हल्ली दुसरा गिअर टाकताना जरा खरखर होते. त्यासरशी हमीदभाई उठून उभे राहिले आणि म्हणाले, “अरे, तुम्ही तर निळी गाडी.” रूथबाई हे अजून सगळ्यांना सांगतात.

याच रूथबाईंच्या निळ्या गाडीशी माझी एक आठवण बांधलेली आहे. माझी आई चिंचपाड्याच्या दवाखान्यात दाखल झाल्याचा निरोप मला वर्कशॉपमध्ये मिळाला. शहाद्याहून चिंचपाड्याला जायचं म्हणजे नंदुरबारला एस.टी. बदलून अर्धा दिवस जाणार. निरोप ऐकून हमीदभाई आत गेले. रूथबाईंची गाडी दुरुस्त होऊन उभी होती, त्या दोन दिवसांनी न्यायला येणार होत्या. हमीदभाईंनी त्यांना फोन लावला, की तुम्ही येऊ नका, गाडी पोचवून देतो. मग मला म्हणाले की डिलिव्हरी द्यायला जायचंच आहे, तू बस. वाटेत त्यांनी आईचा विषय एकदाही काढला नाही. गाडी रूथबाईंच्या हवाली करून ते एस.टी.ने शहाद्याला परतले. घरपोच डिलिव्हरी देण्याची पद्धत आमच्या वर्कशॉपमध्ये कधीच नव्हती, हे आई बरी होऊन मी गाड्यांच्या कामाची जॉबकार्डं पुन्हा चाळायला बसले तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्याआधी एकही गाडी पोचवलेली नव्हती, आणि त्यानंतरही नाही.

आता त्या गोष्टीकडे येते, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

आमच्या वर्कशॉपचा एक रिवाज आहे. गाडीतून काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचा. पार्ट खरंच बदलला ना, ही शंका मनात ठेवून कुणी घरी जाऊ नये, असं हमीदभाईंना वाटायचं. पार्टला तारेने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची आणि तीवर गाडीचा नंबर लिहायचा, हे काम माझं. नवी होते तेव्हा मी एका वॉटर पंपाच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत ‘कंडम’ असं लिहिलं. बाजारात सगळे तोच शब्द वापरत आणि मला तो इंग्रजीतून आलेला म्हणून जवळचाही वाटला होता. हमीदभाईंनी चिठ्ठी हातात घेऊन मला वाचायला लावली.

“कंडम काय लिखी ऱ्हायनी, बेन?” ते म्हणाले. “काय बिघडनं ते लिख.”

मला काय बिघडलं ते कुठे माहीत होतं? त्यांनी पंप उलटा केला, आतलं बेअरिंग बोटाने हलवून दाखवलं आणि सांगितलं, की बेअरिंग गेलं आहे, बाकी अंग चांगलं आहे. मी ‘कंडम’ खोडून तेच लिहिलं. तेव्हापासून आजवर मी तो शब्द एकाही चिठ्ठीवर लिहिलेला नाही. ‘दात झिजले, दांडा ठीक’, ‘स्प्रिंग ढिली’, ‘डाव्या बाजूला बारीक चीर’, असं मी लिहीत गेले. गिऱ्हाइकं त्या चिठ्ठ्या वाचत नसत. जुने पार्ट घरी जाऊन नाना कामांना लागत. कुणी पंखा फिरवणारा पट्टा म्हशीच्या गळ्यात बांधला, कुणी पुली लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवली. आम्हाला ते कळायचं आणि आम्ही हसायचो.

दुसरा रिवाज बोलण्याचा होता. नवी गाडी घ्यायच्या आधी लोक हमीदभाईंना विचारायला येत, की ही कंपनी फार मोठी नाही, गाडी घ्यावी का. हमीदभाई गाडीचे गुण सांगत, दोषही सांगत आणि शेवटी म्हणत, “मी शे ना.” मी आहे ना, एवढंच. कंपनीच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा या तीन शब्दांवर शहादा तालुक्यात आणि थेट नवापूरपर्यंत आमच्या कंपनीच्या गाड्या गेल्या. म्हसावदचे आप्पा, ज्यांची केळी आणि ऊस आहे, त्यांनी तर गाडी पाहिलीही नव्हती. हमीदभाई म्हणाले, म्हणून घेतली.

कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिचं भवितव्य सध्या रोज वर्तमानपत्रात लोंबकळतं आहे, त्यात माझ्या एका वाक्याची भर कशाला? काही काळापासून तिच्या गाड्यांचा खप कमी होत गेला. मग एक दिवस सगळ्यांच्या फोनवर एकच बातमी फिरू लागली, की एक मोठी प्रतिस्पर्धी कंपनी आमच्या कंपनीला विकत घेणार. बातमी इंग्रजीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलापुढे आठ-दहा गाडीमालक उभे. मी वाचून सांगितलं, की टेकओव्हर होण्याची शक्यता आहे, अजून नक्की काही नाही.

आप्पा मागे उभे होते. त्यांच्या कानावर तो शब्द उलटा पडला.

“ओव्हरटेकच करं ना?” ते म्हणाले. “करू द्या. म्हसावदच्या रोडवर माले रोज दहा जण ओव्हरटेक करतस. मी काय गाडी विकी टाकू का?”

सगळे हसले आणि त्या दिवसापुरती काळजी हलकी झाली. पण अफवा हसण्याने थांबत नाही. गाड्यांची खरेदी-विक्री करणारे एजंट गावोगावी फिरू लागले. नवी कंपनी जुन्या गाड्यांना पार्ट देणार नाही, आज विकली तर काहीतरी येईल, उद्या भंगारात जाईल, असं ते सांगत. गावातल्या एका गुरुजींनी घाबरून गाडी देऊन टाकली. ज्या भावात दिली तो ऐकून हमीदभाईंच्या मनाला फार लागलं. गुरुजींना गाडी घ्यायला त्यांनीच सांगितलं होतं.

त्यानंतर कंपनीचे आमच्या भागाचे अधिकारी आले. तरुण, सज्जन, नाशिककडचे. हमीदभाईंना ते चाचा म्हणत. दार लोटून घेऊन त्यांनी सांगितलं, की वरून अधिकृत काही आलेलं नाही, पण जुन्या गाड्यांचे पार्ट आता मागवू नका, येणार नाहीत. सौदा झालाच तर नव्या कंपनीचा बोर्ड चाचांना मिळवून द्यायचा ते प्रयत्न करतील. मात्र नव्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जुन्या गाड्या घेता येणार नाहीत. तोवर गिऱ्हाइकांना यातलं काही बोलू नये. त्यांची स्वतःची नोकरी राहील की जाईल, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

हमीदभाईंनी त्यांच्या नोकरीची चौकशी केली, घरी कोण कोण आहे ते विचारलं, भाभींच्या हातचं जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. निघताना मात्र स्पष्ट सांगितलं, की साहेब, तुमचं नाव मी कुठे घेणार नाही, पण माझ्या लोकांपासून हे लपवणारही नाही.

मी त्या दिवशी त्यांच्याशी वाद घातला, हे कबूल केलं पाहिजे. त्यांचं वय झालं होतं. नवा बोर्ड मिळाला असता तर कामाची चिंता मिटली असती, आणि बोललं नाही तर खोटं बोलल्यासारखंही नव्हतं. मी इंग्रजीत शिकलेली सगळी व्यवहारी वाक्यं त्यांना मराठीत ऐकवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, की लोकांनी कंपनी पाहून गाडी घेतलेली नाही, माझ्याकडे पाहून घेतली आहे. कंपनी विकता येते, मी कसा विकू?

बाजाराच्या दिवशी लोक शहाद्याला येतातच. त्या दिवशी हमीदभाईंनी सगळ्या गाडीमालकांना वर्कशॉपच्या अंगणात बोलावलं. रूथबाई चिंचपाड्याहून पहाटेच निघून आल्या होत्या. हमीदभाई उभे राहून बोलले. पार्ट येणार नाहीत, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. ज्याला विकायची असेल त्याने विकावी, मला वाईट वाटणार नाही, फक्त एजंटला द्यायच्या आधी मला दाखवा म्हणजे योग्य भाव सांगीन. ज्याला ठेवायची असेल त्याच्यासाठी हात चालतील तोवर काम करीन. पण पार्टशिवाय किती दिवस, हे मला आज सांगता येत नाही, असंही ते म्हणाले. हमीदभाईंना उत्तर माहीत नाही, असं तिथल्या लोकांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. मान खाली घालून जो तो घरी गेला.

चौथ्या दिवशी आप्पा आले. त्यांनी गाडीच्या मागून एक पोतं उतरवलं आणि माझ्या टेबलाजवळ ओतलं. त्यांच्या गाडीतून आजवर काढलेले सगळे पार्ट त्यात होते. काहींना शेण लागलेलं, काहींना रंग फासलेला. पण पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या बऱ्याचशा शाबूत होत्या, आणि त्यांवर माझं तरुणपणीचं, सिस्टरांनी घोटून घेतलेलं अक्षर.

“हाई तुम्हीच दियेल शे,” आप्पा हमीदभाईंना म्हणाले. “आते तुम्हीच पाहा, काय कामले येस ते.”

हमीदभाई जमिनीवर मांडी घालून बसले. एकेक पार्ट उचलून माझ्याकडे देत गेले आणि मी चिठ्ठी वाचत गेले. या पंपाचं बेअरिंग गेलं, अंग चांगलं. त्या पंपाच्या अंगाला चीर, बेअरिंग नवं. त्यांनी दोन्ही पंप शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडे वर पाहिलं. काय करायचं ते मलाही न सांगता कळलं. दोन बिघडलेल्या पंपांतून एक चालणारा पंप होणार होता.

आम्ही सगळ्यांना निरोप धाडले. मग गावोगावची पोती येऊ लागली. कुणी म्हशीच्या गळ्यातला पट्टा सोडून आणला, तो मात्र हमीदभाईंनी तसाच परत पाठवला, कारण म्हशीला तो आवडत असावा. रूथबाईंनी आपले पार्ट औषधांच्या खोक्यात कापूस घालून आणले होते. दवाखान्याची सवय. त्यांचं खोकं उघडताना हमीदभाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते ग्रीसवर ढकललं. पुढचे कित्येक आठवडे आम्ही दोघं चिठ्ठ्या वाचून जोड्या लावत होतो. इंजिन सुरू करणारी मोटर, जिला आम्ही सेल्फ म्हणतो, तशा तीन मोडक्यांतून दोन धड निघायच्या. ज्यांच्या चिठ्ठ्या हरवल्या होत्या, त्या पार्टांवर आम्हाला दुप्पट वेळ लागे.

एका बाबतीत मात्र ते तडजोड करायला तयार झाले नाहीत. ब्रेक आणि स्टिअरिंगचा एकही जुना पार्ट त्यांनी पुन्हा बसवला नाही. ते नवेच हवेत, म्हणून त्यांनी माझ्याकडून दूरदूरच्या वर्कशॉपांना फोन करवले, त्यांच्याकडे पडून असलेला माल मागवला. आप्पांनी एकदा आग्रह केला, की माझ्या गाडीला जुनाच ब्रेक लावा, मी हळू चालवतो. हमीदभाईंनी गाडीची चावी स्वतःच्या खिशात टाकली. नवा पार्ट येईपर्यंत सहा दिवस आप्पा म्हसावदहून एस.टी.ने ये-जा करत होते, आणि रोज वर्कशॉपवरून जाताना मोठ्याने काहीबाही बोलून जात होते. सातव्या दिवशी चावी मिळाल्यावर त्यांनी केळीचा घड आणून ठेवला.

बातमी अजूनही बातमीच आहे. एका आठवड्यात सौदा झाल्याचं छापून येतं, दुसऱ्या आठवड्यात फिसकटल्याचं. आमच्या बोर्डाचा रंग उडाला आहे आणि नवा रंग कोणता द्यायचा हे कुणालाच ठाऊक नाही. हमीदभाई वर्तमानपत्र माझ्याकडून वाचून घेतात, मान हलवतात आणि कामाला लागतात.

त्यांच्याकडून मी काय शिकले हे सांगायचं तर ते फार थोडं आहे. एखाद्या वस्तूबद्दल, आणि माणसाबद्दलही, शेवटचा शब्द घाईने लिहू नये. नेमकं काय बिघडलं ते पाहावं, काय धड आहे तेही त्याच ओळीत लिहावं. शाळेत सिस्टर जे रोज सकाळी प्रार्थनेत सांगत, ते मला या वर्कशॉपमध्ये जमिनीवर बसून समजलं.

हमीदभाईंना उदंड आयुष्य लाभो, असं म्हणताना माझ्या मनात स्वार्थ आहे, तो मी लपवत नाही. त्यांचा हात स्थिर राहो, कान असेच तिखट राहोत, गुडघ्यांनी आणखी पुष्कळ वर्षं गाडीखाली जाताना कुरकुर करू नये. भाभी त्यांच्याबरोबर असोत. मी रविवारी चर्चमध्ये आणि भाभी त्यांच्या नमाजात एकच मागणं मागतो, त्यामुळे ते पोचायला अडचण येऊ नये.

सत्कारात त्यांना काय द्यावं, असं समितीने माझ्यामार्फत विचारलं होतं. त्यांनी उलट मला समोर बसवून, कुणाला काय द्यायचं ते सांगितलं. कार्यक्रमाच्या गडबडीत चूक होऊ नये म्हणून ते इथेच नोंदवते.

दोन पंपांचा मिळून केलेला पंप आप्पांना द्यावा, त्यांच्या गाडीला तो येत्या उन्हाळ्यात लागेल. तयार सेल्फपैकी एक रूथबाईंना. त्यांना प्रवास झेपला नाही तर चिंचपाड्याकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यावा, पण खोक्यात नीट बांधून. बाकीचे पार्ट ज्याच्या गाडीला लागतील त्याला, कुणाच्या पोत्यातून आले होते ते न पाहता. गुरुजींना पहिल्या रांगेत खुर्ची द्यावी आणि त्यांच्याजवळ कुणी गाडीचा विषय काढू नये. शाल आणलीच असेल तर ती भाभींना. नाशिकच्या त्या अधिकाऱ्यांना या ग्रंथाची एक प्रत आणि जेवणाचं आमंत्रण पाठवावं. पार्टच्या कपाटाची चावी माझ्याकडे राहील.

शेवटची गोष्ट यादीची. आमच्याकडच्या सगळ्या गाड्यांची यादी मी इंग्रजीत करून ठेवली आहे, मालकाचं नाव, गाव आणि पुढे कोणता पार्ट लागेल ते, अशी. कंपनी ज्यांच्या हातात जाईल त्यांना ती पोस्टाने पाठवायची आहे. सोबतच्या पत्रात काय लिहू, असं मी हमीदभाईंना विचारलं.

“लिख, इतल्या गाड्या चालू शेतस,” ते म्हणाले. “पार्ट धाडा.”